शक आणि तहकीक

‘तुम्हाला आजवर जे सांगितले गेले ते खोटे आहे’ असे सांगणाऱ्या माहितीपटांचा एक मोठा वर्ग गेल्या वीस-पंचवीस वर्षांत तयार झाला आहे. कुणी म्हणतो, माणूस चंद्रावर गेलाच नाही. कुणी म्हणतो, लस रोग घालवण्यासाठी नसून वंश बुडवण्यासाठी आहे. कुणी बँका आणि नोटांमागचे कारस्थान उलगडून दाखवतो. पूर्वी असले चित्रपट मोठ्या शहरांतल्या ठरावीक मंडळींपुरते असत. आता त्यांचे चार-पाच मिनिटांचे तुकडे, हिंदी किंवा उर्दू आवाज चढवून, इंदापूर तालुक्यातल्या आमच्या कळंबसारख्या गावातही उसाला पाणी देणाऱ्या माणसाच्या मोबाइलवर येतात. ते पाहून पालक आम्हाला विचारतात, “सर, हे खरं आहे का?” आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. गावात ज्याच्याकडे चार पुस्तके आहेत असे लोक समजतात, त्याला हा प्रश्न टाळता येत नाही.

या प्रश्नाची दोन सोपी उत्तरे आहेत. एक, ‘सरकार सांगते, डॉक्टर सांगतात, त्यावर विश्वास ठेवा.’ दुसरे, ‘सगळेच चोर आहेत, कुणावरच विश्वास ठेवू नका.’ पहिल्या उत्तराने माणसाची बुद्धी गहाण पडते आणि दुसऱ्याने ती बेवारस होते. ही दोन्ही उत्तरे बाजूला ठेवून शंका घेण्याच्या नीतीचा थोडा विचार येथे करायचा आहे. शंका घेण्याचा हक्क सर्वांना आहे. पण शंका चुकीची निघाली तर तिची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न आपल्याकडे क्वचितच विचारला जातो.

सोप्या उदाहरणापासून सुरुवात करू. अमेरिकेतील फॉक्स वाहिनीने २००१ साली चंद्रावरची स्वारी बनावट असल्याचा संशय घेणारा एक कार्यक्रम दाखवला. झेंडा का फडकतो, आकाशात तारे का दिसत नाहीत, असे प्रश्न त्यात होते. या प्रश्नांची उत्तरे कधीच दिली गेली आहेत. झेंड्याला वरून आडवी दांडी होती, आणि उन्हात चमकणाऱ्या जमिनीचे छायाचित्र घेताना कॅमेऱ्यात तारे उमटत नाहीत. २०२१ साली आपल्या चांद्रयान-२ च्या कॅमेऱ्याने अपोलो-११ च्या उतरण्याच्या जागेचे छायाचित्रही टिपले. गंमत अशी की इस्रोच्या रॉकेटांची मोटर-कवचे आमच्या शेजारच्या वालचंदनगरच्या कारखान्यात बनत आली आहेत. या भागातल्या अनेक घरांतली माणसे त्या कारखान्यात राबली. रॉकेट कसे बनते हे ज्यांनी हातांनी पाहिले, त्यांच्याच नातवंडांना रॉकेट खोटे वाटावे, ही शाळेच्या दृष्टीने विचार करण्यासारखी गोष्ट आहे. तरी चंद्राबद्दलच्या शंकेने कुणाचे फारसे बिघडत नाही. ज्या शंकेची किंमत एखाद्या लेकराला मोजावी लागते, तिच्याबद्दल मात्र असे हसून भागत नाही.

आणि हसण्यापूर्वी आपण हेही मान्य केले पाहिजे की अधिकृत सांगणे अनेकदा खोटे निघाले आहे. फार लांब जायला नको. जानेवारी १९७६ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत नगरपालिकेने नसबंदीची मोहीम घेतली. स्वखुशीने माणसे येईनात, तेव्हा रस्त्यावरून त्यांना धरून वाहनांत घालून नेले गेल्याच्या नोंदी आहेत. त्याच वर्षी महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही, एवढेच. १९७५-७६ मध्ये देशात सुमारे २७ लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या होत्या. पुढच्या एका वर्षात त्या ८२ लाखांवर गेल्या. शहा आयोगाने नसबंदीशी संबंधित १,७७४ मृत्यूंची नोंद केली. सरकारी कागदावर मात्र ही सगळी माणसे ‘लाभार्थी’ होती. दीपा धनराज यांनी १९९१ साली ‘समथिंग लाइक अ वॉर’ हा माहितीपट काढून कुटुंबनियोजनाच्या कार्यक्रमाची दुसरी बाजू दाखवली. शिबिरात रांगेने झोपवलेल्या बायका, एकेका शस्त्रक्रियेवर घालवलेली मोजकी मिनिटे आणि वर पूर्ण करायची उद्दिष्टे. या चित्रपटाला कुणी अफवा म्हणू शकत नाही.

म्हणून एखादी वयस्कर खाला सुई पाहून नातवाला पदराआड घेते, तेव्हा तिला अडाणी म्हणणे आम्हाला पटत नाही. तिच्या भीतीला इतिहास आहे. २०११ साली पाकिस्तानातील अबोटाबाद येथे ओसामा बिन लादेनचा माग काढण्यासाठी अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याने कावीळ-ब च्या लसीकरणाचे नाटक रचले. पुढे २०१४ साली, लसीकरणाचा असा वापर यापुढे करणार नाही, असे अमेरिकी सरकारला जाहीर करावे लागले. मधल्या काळात त्या देशात पोलिओचे डोस पाजणाऱ्या अनेक महिला कार्यकर्त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. खोटे बोलले एका खात्याने आणि जीव गेला दारोदार फिरणाऱ्या गरीब बायकांचा. सत्ता खोटे बोलते तेव्हा ती लोकांचा विश्वास खर्च करते, आणि तो खर्च भरून काढायची वेळ गावातल्या नर्सवर येते.

शंकेने जीव वाचल्याचे उदाहरणही आमच्याच जिल्ह्याशी जोडलेले आहे. बारामतीवरून दौंडकडे जाताना कुरकुंभची औद्योगिक वसाहत लागते. तिथे सिप्लाचा कारखाना आहे. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ साली मुंबईत ही कंपनी स्थापन केली. एड्सवरची औषधे अमेरिकेत एका रुग्णाला वर्षाला दहा ते पंधरा हजार डॉलरला पडत, त्या काळात आफ्रिकेत लाखो माणसे औषधाविना मरत होती. ही औषधे यापेक्षा स्वस्त होणे शक्य नाही, आफ्रिकेतल्या माणसाला ती वेळेवर घेता येणार नाहीत, असे मोठ्या कंपन्या आणि अधिकारी सांगत. फेब्रुवारी २००१ मध्ये ख्वाजासाहेबांचे चिरंजीव डॉ. युसूफ हमीद यांनी तीन औषधांचा वर्षभराचा उपचार ३५० डॉलरमध्ये देण्याची तयारी ‘डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स’ या संस्थेला दाखवली. दिवसाला एक डॉलरहून कमी! ही सगळी कथा डिलन मोहन ग्रे यांच्या ‘फायर इन द ब्लड’ या २०१३ साली प्रदर्शित झालेल्या माहितीपटात आली आहे. हा चित्रपटही अधिकृत सांगण्यावर शंका घेतो. पण त्याच्याजवळ किंमत आहे, तारीख आहे, नाव आहे आणि गोळी आहे. खोटे वाटत असेल तर कुणीही ती गोळी तपासावी, ते दरपत्रक मागवावे.

आता याच्या शेजारी दुसरा चित्रपट ठेवू. अँड्र्यू वेकफिल्ड या ब्रिटिश डॉक्टरने १९९८ साली ‘लॅन्सेट’ या प्रतिष्ठित नियतकालिकात अवघ्या बारा मुलांवर आधारलेला निबंध छापून गोवर, गालगुंड आणि रुबेला यांच्या एकत्रित लसीचा संबंध स्वमग्नतेशी सुचवला. ब्रायन डीअर या पत्रकाराने २००४ पासून त्याचा पाठपुरावा केला. लस कंपन्यांवर खटला लढवणाऱ्या वकिलांकडून डॉक्टरांनी पैसे घेतल्याचे आणि मुलांच्या नोंदी बदलल्याचे त्यातून बाहेर आले. फेब्रुवारी २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ने तो निबंध मागे घेतला आणि त्याच वर्षी मे महिन्यात वेकफिल्ड यांचे नाव डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढण्यात आले. २०१९ साली डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांत स्वमग्नतेच्या प्रमाणात फरक आढळला नाही. तरीही २०१६ साली याच वेकफिल्ड यांनी ‘व्हॅक्स्ड’ नावाचा माहितीपट दिग्दर्शित केला आणि स्वतःला दडपलेल्या सत्याचा साक्षीदार म्हणून त्यात उभे केले. आरोपीनेच न्यायाधीशाची खुर्ची घेतली!

दोन्ही चित्रपट मोठ्या कंपन्यांविरुद्ध बोलतात. दोन्हींत रडणाऱ्या आया आहेत. पाहणाऱ्याच्या डोळ्यांत दोन्ही पाणी आणतात. मग फरक ओळखायचा कसा? आमच्या मते, फरक चित्रपटाच्या तोऱ्यात नसतो, तर आपले म्हणणे खोटे ठरवण्याची संधी तो आपल्याला देतो की नाही यात असतो. पहिल्या चित्रपटाने ती दिली. दुसऱ्यासमोर साडेसहा लाख मुलांचा पुरावा ठेवला तरी उत्तर ठरलेले असते : ‘अभ्यास करणारेही विकले गेले.’ जी शंका प्रत्येक पुरावा गिळून अधिक धष्टपुष्ट होते, ती शंका राहत नाही. ती अंधश्रद्धा होते.

पुष्कळदा सत्य दोन्ही बाजूंना वाटलेले असते, हेही विसरू नये. २००९ साली आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील बडोदा जिल्ह्यांत ‘पाथ’ या अमेरिकी संस्थेने भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साथीने मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस दिली. काही मुलींचे मृत्यू झाले आणि २०१० साली प्रकल्प थांबवावा लागला. चौकशीत ते मृत्यू लसीमुळे झाल्याचे दिसून आले नाही. मात्र आंध्रात तपासलेल्या ९,५४३ संमतिपत्रांपैकी २,७६३ पत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी सह्या केल्याचे निघाले. संसदेच्या स्थायी समितीने २०१३ च्या अहवालात यावर कडक ताशेरे ओढले. लस विषारी होती, ही शंका टिकली नाही. गरीब आदिवासी मुलींच्या आईबापांना कुणी विचारलेच नाही, ही शंका शंभर टक्के खरी ठरली. ‘सगळे खोटे’ म्हणणारा यातला दुसरा अन्यायही नीट पाहू शकत नाही, कारण त्याचे सगळे लक्ष सुईवर असते आणि सही त्याच्या नजरेतून सुटते.

पैशाच्या बाबतीतही हेच. चार्ल्स फर्ग्युसन यांच्या ‘इनसाइड जॉब’ या २०१० च्या माहितीपटाने २००८ च्या आर्थिक कोसळणीचा हिशेब मांडला. बुडीत कर्जांना पहिल्या दर्जाचे शिक्के कुणी मारले आणि बँकांकडून पैसे घेऊन कोणत्या प्राध्यापकांनी त्यांची भलामण केली, हे त्याने नावानिशी दाखवले. त्याचा परिणाम असा की २०१२ च्या आरंभी अमेरिकेतील अर्थतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या नियतकालिकांतून लिहिणाऱ्यांना आपले हितसंबंध उघड करणे बंधनकारक केले. आपल्याकडे सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले. एकाच बांधकाम समूहाला दिलेली कर्जे लपवण्यासाठी २१ हजारांवर बनावट खाती दाखवल्याचे उघड झाले. लेखापरीक्षण झालेले ताळेबंद खोटे, आणि ठेवीदाराला सुरुवातीला सहा महिन्यांत केवळ हजार रुपये काढायची मुभा! बँकांवर संशय घ्यायला यापेक्षा मोठे कारण काय हवे?

पण त्याच वर्षी जून महिन्यात बंगळुरूची ‘आयएमए’ बुडाली. बँकांचे व्याज हराम, आमचा नफा हलाल, असे सांगून तिने हजारो मुस्लिम कुटुंबांच्या ठेवी गोळा केल्या होत्या. विधवांची पुंजी त्यात गेली, लेकींच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे गेले. या लोकांना शंका घेता येत नव्हती असे नाही. बँकेवर त्यांनी शंका घेतलीच होती. मात्र जो त्यांच्या शंकेला दुजोरा देत होता, त्याच्यावर शंका घ्यायची राहून गेली. अविश्वासाचाही बाजार असतो आणि त्यात अविश्वासू माणूस सर्वांत सहज विकला जातो, हे या प्रकरणाने आमच्या समाजाला शिकवायला हवे होते.

उर्दूत शक आणि तहकीक असे दोन शब्द आहेत. शक मनात आपोआप येतो, त्याला कष्ट पडत नाहीत. तहकीक करावी लागते. तिला वेळ लागतो, दहा दारे ठोठवावी लागतात, आणि शेवटी आपलाच शक खोटा निघण्याची तयारी ठेवावी लागते. मराठीत ‘चिकित्सा’ म्हणजे कसून तपासणी आणि चिकित्सा म्हणजे उपचारही. ज्या तपासणीतून कुणाच्या दुखण्यावर इलाज निघत नाही ती अर्धीच चिकित्सा, असे हा शब्द जणू सुचवतो. महात्मा फुले यांनी १८७३ साली स्थापन केलेल्या समाजाला ‘सत्यशोधक’ हे नाव दिले. १९७० साली हमीद दलवाई यांनीही आपल्या मंडळासाठी तेच नाव निवडले. केवळ असत्य शोधून थांबणाऱ्याला हे नाव लागू पडले नसते.

तहकीकची परंपरा तर आमच्या घरातलीच आहे. हदीस स्वीकारण्यापूर्वी ती कुणी कुणाकडून ऐकली, त्या दोघांची भेट खरोखर झाली होती का, सांगणाऱ्याची स्मरणशक्ती आणि सचोटी कशी होती, हे तपासणारे एक अख्खे शास्त्र विद्वानांनी उभे केले. इमाम बुखारी यांनी सुमारे सहा लाख रिवायतींतून निवड करून आपला संग्रह सात हजारांच्या आसपास आणला, असे परंपरा सांगते. कुरआनातील सूरह हुजुरातमध्येही बातमी पडताळून पाहण्याची आज्ञा आहे, आणि तिचे कारण ध्यानात घेण्यासारखे आहे. पडताळणी न केल्यास अजाणतेपणी तुम्ही इतरांचे नुकसान कराल, असे ते कारण आहे. म्हणजे पडताळणी आपण फसू नये एवढ्यासाठी नाही, दुसऱ्याला इजा होऊ नये यासाठी आहे. ज्या समाजाने बाराशे वर्षांपूर्वी प्रत्येक सांगणाऱ्याचे नाव आणि गाव विचारले, त्याच समाजात आज बिननावाची, बिनतारखेची, ‘आलेले पुढे पाठवले’ एवढीच सनद असलेली चित्रफीत तासाभरात शंभर घरांत जाते.

यावर एक रास्त आक्षेप आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या किंवा यंत्रमागावर बारा तास उभ्या राहणाऱ्या माणसाने ‘लॅन्सेट’ कधी वाचायचे? तहकीक ही शिकलेल्यांची चैन नाही का? आक्षेप खरा आहे. प्रत्येकाला प्रत्येक गोष्ट तपासता येत नाही. आम्हालाही नाही. कुणावर तरी विश्वास ठेवावाच लागतो. तेव्हा निकष एवढाच ठेवता येतो की, जो आपली चूक जाहीरपणे दुरुस्त करतो त्याच्यावर अधिक विश्वास ठेवावा. पोलिओच्या थेंबांमुळे लाखांत एखाद्या बालकाला क्वचित लकवा होऊ शकतो, हे शास्त्रज्ञांनीच नोंदवले. त्याची चर्चा उघड झाली, आणि एप्रिल २०१६ मध्ये थेंबांतला दुसऱ्या प्रकारचा विषाणू काढून टाकण्यात आला. तोवर त्याच थेंबांनी देशातला पोलिओ संपवला होता. २००९ साली ७४१ रुग्ण होते, शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि मार्च २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्याला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र दिले. या कामात मशिदींतून आवाहन करणारे इमाम होते, उलेमा होते आणि पदर सावरत दारोदार जाणाऱ्या आमच्याच भगिनी होत्या. आता विचारा, ‘थेंबांनी नपुंसकत्व येते’ म्हणणाऱ्या एका तरी चित्रफितीने इतक्या वर्षांनंतर माफी मागितली का? त्या थेंबांवर वाढलेली पिढी आज आपापल्या लेकरांना कडेवर घेऊन फिरते आहे.

आणि शेवटी किंमत. २७ नोव्हेंबर २०१८ पासून महाराष्ट्रातल्या शाळांत गोवर-रुबेला लसीकरण सुरू झाले, तेव्हा उर्दू शाळांत नकार जास्त आले. त्या दिवसांत शिक्षकांच्या खोलीत आमच्या हातात मोबाइल ठेवले जात होते. चार वर्षांनी, २०२२ च्या शेवटी, मुंबईच्या गोवंडीत आणि मालेगाव, भिवंडीत गोवराची साथ आली. मुंबईत दहाहून अधिक मुले दगावली. आजारी मुलांतल्या पुष्कळांना लस मिळालेली नव्हती. याचे सगळे खापर चित्रफितींवर फोडणे अन्यायाचे होईल. कोविडच्या काळात लसीकरण विस्कळीत झाले होते, कुपोषण होते, दाटीवाटीची वस्ती होती, कामासाठी सतत जागा बदलणारी कुटुंबे होती, आणि आरोग्य खात्याने त्यांच्या भाषेत, त्यांच्या वेळेला, त्यांच्या दारात जाणेही कमी पडले. पण नकाराचा वाटाही त्यात होता, आणि ज्याने तो नकार चित्रफितीतून विकला त्याचे मूल गोवंडीत नव्हते.

म्हणून ‘सर, हे खरं आहे का?’ या प्रश्नाला आम्ही आता तीन प्रश्नांनी उत्तर देतो. हे सांगणारा कोण, आणि त्याचे नाव-गाव चित्रफितीत आहे का? काय दिसले तर तो आपले म्हणणे मागे घेईल? आणि तो चुकला तर भोगणार कोण, तो की आपण? पालकांना हे प्रश्न कळतात. जनावर विकत घेताना ते याहून कडक प्रश्न विचारतात.

हेच तीन प्रश्न पालकांनी आरोग्य खात्यालाही विचारावेत, बँकेला विचारावेत आणि शाळेलाही विचारावेत. संमतिपत्र मराठी-इंग्रजीत छापून उर्दू वाचणाऱ्या आईच्या हाती दिले, तर ते संमतिपत्र होत नाही. ते तिला वाचून दाखवणे, तिच्या शंकेला वेळ देणे आणि सहीची जागा तिच्यासाठीच मोकळी ठेवणे हे आमचे काम आहे. त्यानंतर तिने ‘नाही’ म्हटले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तिच्या दाराशी जाणे, हेही आमचेच काम आहे.